धुतलेले पिंप

त्या डेअरीत धुण्यासारखे जे जे होते ते धाकटीकडे, आणि जे धुवायचे नाही ते थोरलीकडे. ही वाटणी अठ्ठावीस वर्षांपूर्वी झाली आणि तशीच चालत आली. धुण्यासारखे पुष्कळ होते. दुधाचे कॅन, गाळण्या, साचे, दाबाखाली घालायची कापडे, लादी, नाली, शिवाय घरादाराचे गमबूट. न धुण्याची वस्तू मात्र एकच. चीजघराच्या मधोमध उभे असलेले लाकडी पिंप.

धाकटी म्हणजे थोरलीची धाकटी जाऊ. वयाची पन्नाशी उलटली, केस पिकले, पण नाव धाकटीच राहिले. थोरली अडुसष्टची, विधवा, अंगाने काटकुळी आणि जिभेने त्याहून काटेरी. चाळीस वर्षे त्या पिंपात चीज तिने केले. धाकटीने इतक्या वर्षांत पिंपाला बाहेरून पाठ टेकली असेल, आत हात घातला नव्हता.

आता कुणी विचारील, दुधाचे भांडे आणि धुवायचे नाही, हा कुठला न्याय? तर त्याचे असे आहे. घरी आपण दही लावतो तेव्हा कालच्या दह्याचे बोटभर विरजण नव्या दुधाला लावतो. इथे ते लावणारे बोट लाकडाचे होते. पिंपाच्या आतल्या फळ्यांवर शंभर वर्षांच्या दुधाची मऊ, ओलसर साय धरलेली होती. हात फिरवला तर ओढ्यातल्या दगडासारखी बुळबुळीत लागे. विरजण राहत होते ते त्या सायीत. ताजे, कोमट दूध ओतले की लाकूड कुणाला न सांगता आपले काम सुरू करी. वरून दूध गोठवणारे रेनेट तेवढे घालायचे. काम आटोपले की चीज काढून उरलेल्या पाण्याने, म्हणजे निवळीने, पिंप विसळायचे, गार पाण्याचा एक हात मारायचा आणि झाकण ठेवायचे. साबण, सोडा आणि कढत पाणी या तिघांना तिथे मज्जाव. देवाने जीव कुठे कुठे ठेवला आहे ते माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून काही ठिकाणी हात आवरायचा असतो, एवढेच.

खोऱ्यात पूर्वी सात डेअऱ्या होत्या आणि सात पिंपे. सहांनी एकामागून एक स्टीलच्या टाक्या आणल्या. त्यांचेही चीज चांगले होते, नावे ठेवायचे कारण नाही. पण लाकडाचे पिंप उरले ते हे शेवटचे. बारा गोठ्यांचे दूध त्यात पडायचे आणि पस्तीस-पस्तीस किलोची चाके होऊन तळघरात उतरायची. तिथे फळीवर बसून वर्षभर पिकायची. उन्हाळी गवतावरच्या दुधाचे चाक पिवळेधमक, थंडीतले फिकट आणि जरा अबोल. खाणारे जाणकार इतके, की तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटत आणि म्हणत, "हे वरच्या कुरणाचं. ओढ्याच्या अलीकडचं." आणि प्रत्येक चाकाच्या पाठीवर तापवलेल्या लोखंडी शिक्क्याने दोन शब्द उमटवलेले असत: नुसत्या लाकडात. तो शिक्का थोरलीच्या एप्रनच्या खिशात राही, आणि ती झोपली की उशाशी.

येत्या रविवारी डेअरीला शंभर वर्षे पूर्ण होत होती. सातही डेअऱ्यांचे लोक जमणार, त्यांच्यासमोर पिंपातून चीज काढून दाखवायचे, आणि त्याच वेळी थोरली शिक्का धाकटीच्या हाती देणार. ही गोष्ट थोरलीने जेवता जेवता, मीठ मागावे इतक्या सहज सांगून टाकली होती. धाकटीच्या हातातला चमचा ताटात पडला.

"अगं, रडतेस काय? शिक्का देतेय, शिक्षा नाही," थोरली म्हणाली.

पण आधी थोरलीच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. ती लेकीकडे शहरात पाच दिवस राहणार होती. निघताना तिने गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"धाकटे, पिंप तुझ्या हवाली. सगळं कर, पण काही करू नकोस."

"समजलं, ताई."

"काय समजलं?"

"धुवायचं नाही."

"शहाणी आहेस," थोरली म्हणाली आणि काच वर केली.

यात एक लहानशी गोष्ट राहिली. आदल्या दिवशी, शनिवारी, पिंपाच्या झाकणाची मूठ निखळली होती. झाकण म्हणजे दोन हातांत न मावणारा लाकडी गोल, पिंपाच्याच वयाचा. कार्यक्रमात सगळ्यांसमोर झाकण उचलायचे, तर मूठ हवी. म्हणून धाकटीने ते सुताराकडे नेऊन दिले. सुताराचे खरे नाव लोक विसरून गेले होते. त्याला गाव 'उद्या' म्हणत असे. काहीही विचारा, उत्तर एकच. लग्नाला सांगितलेला पलंग त्याने बारशाला पोचवला अशी त्याची कीर्ती होती. हात मात्र सोन्याचा.

सोमवारी कार्यक्रमासाठी चीजघराला चुना द्यायला रंगारी आला. आनंदी माणूस होता. शिडीवर चढला की शीळ घाली. पिंपावर झाकण नाही म्हणून धाकटीने दुहेरी चादर घालून दोरीने आवळून बांधली. तिच्या मनाला ती चादर पटत नव्हती. तिने सुताराला फोनही केला.

"भाऊ, झाकणाचं बघा हो. पिंप उघडं पडलंय."

"झालंच म्हणून समजा, बाई. वरखाली मस्त रंधा मारून आरशासारखं करतो. उद्या आणून देतो."

फोन ठेवून ती कॅन धुवायला वळते न वळते तोच मागे धाडकन आवाज झाला. शिडी घसरली होती. रंगारी दाराच्या चौकटीला लोंबकळत होता, त्याला काही झाले नव्हते. चुन्याची बादली मात्र सगळी चादरीवर गेली, चादर खाली बसली, आणि पांढरी धार पिंपाच्या आत फळ्याफळ्यांवरून ओघळली. आत उभा करून ठेवलेला ढवळायचा लांब लाकडी चाटूही पार माखून निघाला.

"आतूनही पांढरंशुभ्र झालं, बाई," रंगारी खाली उतरून म्हणाला. मग तिचा चेहरा पाहिला आणि त्याने टोपी काढली.

चुना दुधात जाणार. दूध लोकांच्या पोटात, लहान मुलांच्या पोटात जाणार. धाकटीच्या डोक्यात तेवढेच आले आणि पुढचे तिच्या हातांनी केले. अठ्ठावीस वर्षे धुण्यात गेलेले हात ते. त्यांनी कढत पाण्याच्या बादल्या आणल्या, सोडा घातला, ताठ ब्रश घेतला. ती पिंपात उतरली आणि घासत सुटली. एकदा, दोनदा, तीनदा. चाटूसुद्धा घासला. दोन तासांनी बाहेर आली तेव्हा पिंप आतून असे निघाले होते, जसे काल कापलेले लाकूड. ना डाग, ना वास. कपाळावरचा घाम पुसत ती दोन पावले मागे सरकली आणि समाधानाने म्हणाली, "किती छान निघालं!"

आणि मग तिच्या हातातून ब्रश गळून पडला.

चुना गार पाण्यानेही निघाला असता. निवळीने निघाला असता. पाच वेळा विसळावे लागले असते, एवढेच. तिने पिंपात वाकून फळीवर बोट फिरवले. बोट कोरडे, करकरीत फिरले, धुतलेल्या बशीवर फिरावे तसे.

कुणाला सांगायचे? तिने कुणालाच सांगितले नाही. मंगळवारी सकाळी नेहमीप्रमाणे बारा गोठ्यांचे दूध आले, तिने ते पिंपात ओतले, रेनेट घातले. दूध गोठले. ते गोठणारच, रेनेटचे कामच ते. तिने चक्का कापला, निवळी काढली, चक्का दाबाखाली ठेवला, आणि दिवसभर मनात एकच घोष चालवला: आंब, बाबा, आंब. कारण नुसते गोठून चीज होत नाही. रात्रभरात चक्का आंबायला हवा. सकाळी त्याला ताकासारखा वास यायला हवा, कापल्यावर पावासारखी बारीक बारीक भोके दिसायला हवीत. मग तो कुस्करून, मीठ लावून साच्यात घालता येतो.

बुधवारी सकाळी तिने कापड उचलले. चक्का कालच्यासारखाच होता. पांढरा, गोड, गप्प. दाबला तर रबरासारखा उसळे. तिने पुन्हा दूध घातले. गुरुवारी सकाळीही तेच.

तोवर नवऱ्याला कळले होते. तो गोठ्यागोठ्यांवरून दुधाची गाडी फिरवायचा. स्वभावाने मोकळा, संकट आले की आधी विनोद करणारा. त्याने चक्क्याचा तुकडा जमिनीवर टाकला. तुकडा टुणकन उडाला.

"छान. शंभर वर्षांचा कार्यक्रम चेंडू वाटून साजरा करू."

"अहो, थट्टा सुचते तुम्हाला?"

"मग काय रडू? दोघं रडलो तर गाडी कोण चालवणार?" मग तो स्टुलावर बसला आणि आवाज खाली आणला. "अगं, कपाटात ती पुडी आहे ना? गेल्या वर्षी विरजणाची पावडर विकायला माणूस आला होता, त्यानं नमुना म्हणून ठेवलेली. टाक चिमूटभर. जगभर टाकतात. विष नाही ते."

"विष नाही ते मलाही माहीतेय."

"मग? कुणाला कळणार?"

धाकटीने पुडी काढली. फोडलीसुद्धा. आत मैद्यासारखी भुकटी होती. तिला कसलाच वास नव्हता. चिमूट पिंपावर धरली. रविवारी लोक येतील, टाळ्या वाजतील, थोरली शिक्का हातात देईल. तो तापवून पहिल्या चाकावर दाबायचा. नुसत्या लाकडात. हे दोन शब्द चाकावर चरचरत उमटतील, आणि तेव्हा आपल्या छातीत काय चरचरेल?

तिने चिमूट परत पुडीत सोडली.

"कळेल," ती म्हणाली.

"कुणाला?"

"मला कळेल की. मी काय परकी आहे?"

नवरा उठून तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "वहिनी दुपारी येतेय. मी बरोबर उभा राहीन. बोलणी खाऊ, दोघं मिळून. चीज नाही तर नाही, पोट तर भरेल."

थोरली दुपारी आली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा. घरात न शिरता, हातातली पिशवीही खाली न ठेवता ती थेट चीजघरात गेली. धाकटी नळाशी उभी होती. आधीच धुतलेल्या कॅनला पुन्हा धूत होती. थोरलीने पिंपाच्या काठावर दोन्ही हात ठेवले आणि वाकून नाक आत घातले. पाणी टपकत होते तेवढाच आवाज. तिने दुसऱ्यांदा नाक घातले.

"ताई," धाकटी म्हणाली, "मी धुतलं."

"कशानं?"

"कढत पाणी. सोडा." आणि मग चुना, शिडी, चादर, रबरासारखा चक्का, पुडी, सगळे तिने एका दमात ओतून टाकले. मध्ये कुठे थांबली नाही आणि आपल्या बाजूने काही सारवासारवही केली नाही. "पुडी फोडली होती, ताई. चिमूट हातात घेतली होती. टाकली नाही. पण घेतली होती. शिक्का मला देऊ नका."

नवरा दारात येऊन उभा होता. ठरवलेले वाक्य त्याला आठवेना. "वहिनी, बोलायचं असेल तर मला बोल," एवढे तो कसाबसा म्हणाला.

"तुला काय बोलायचं? तुला चुना आणि साय यातला फरक कळत नाही." थोरलीने काठावरचे हात काढले. चेहऱ्यावर काळा चष्मा, त्यामुळे आत काय चालले आहे ते दिसेना. मग ती म्हणाली, "चुना पडला, तर तू धुतलंस ते बरंच केलंस. लोकांच्या पोटापेक्षा पिंप मोठं नाही." जरा थांबून तिने विचारले, "झाकण कुठंय?"

"झाकण?"

"झाकण, झाकण! ह्या पिंपाचं. रोज दुधाच्या वाफा त्याच्या खालच्या अंगाला लागतात, निवळीचे शिंतोडे उडतात. पिंपात जे आहे ते सगळं झाकणालाही आहे. तेही धुतलंस का?"

"नाही! ते सुताराकडे आहे. मूठ बसवायला."

थोरलीने एवढा मोठा श्वास घेतला की हातातली पिशवी हलली. पण धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले होते.

"ताई, तो म्हणाला होता… सोमवारी म्हणाला होता, वरखाली रंधा मारून आरशासारखं करतो. मंगळवारी देतो म्हणाला होता. आज गुरुवार."

कोण पुढे आणि कोण मागे ते सांगता येणार नाही, पण तिघेही दुधाच्या गाडीत बसले. थोरली मध्ये, मांडीवर अजून तीच पिशवी. वाटेत धाकटी मनातल्या मनात देवाला विनवत होती, आणि विनवणी अशी होती की ऐकून देवालाही हसू आले असावे: देवा, आजवर त्या माणसाच्या आळसाला मी फार नावे ठेवली. माफ कर. एवढा आठवडा त्याला आळशीच ठेव.

सुताराच्या कारखान्याशी गाडी थांबली आणि इंजिन बंद झाले. आतून आवाज आला. सर्रर्र. सर्रर्र. रंधा चालू होता.

धाकटीचे पाय गाडीच्या पायरीवरच राहिले. थोरलीने तिचे मनगट पकडले आणि ओढत आत नेले.

सुतार लाकडाच्या भुशात घोट्यापर्यंत उभा होता. समोर बाकावर दाराची एक फळी, आणि तिच्यावरून तो रंधा फिरवत होता. या तिघांना पाहून त्याने रंधा उचलला आणि कान पकडले.

"बाई, काही बोलू नका. लाज वाटतेय मला. हे दार निघालं मध्येच, मग जरा कंबर धरली, मग मेहुणा आला…"

"झाकण," थोरली म्हणाली.

"उद्या. उद्या नक्की. आईशप्पथ."

"कुठंय?"

त्याने खालमानेने कोपऱ्याकडे बोट दाखवले. दोन विटांवर झाकण ठेवलेले होते, वरची बाजू वर, आणि त्यावर त्याचा जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि चष्म्याचे घर. पाच दिवस त्याने ते टेबल म्हणून वापरले होते.

"हात लावला नाहीत? रंधा? कानस? काहीच?" धाकटीने विचारले.

"खोटं कशाला बोलू? काहीच नाही."

थोरलीने डबा उचलून त्याच्या हातात दिला, दोन्ही हातांनी झाकण उलटे केले आणि खालच्या बाजूला नाक लावले. वाळून तडकलेली, पिवळसर, जुनी साय. तिने नखाने किंचित खरवडली आणि जिभेला लावली. मग चष्मा काढला. उघड्या डोळ्यातून पाणी येत होते. ते ऑपरेशनमुळे नव्हते, कारण ऑपरेशन दुसऱ्या डोळ्याचे झाले होते.

"आहे," ती म्हणाली.

त्या शब्दासरशी धाकटी भुशात मटकन खाली बसली. तिला हसू येत होते आणि ते थांबत नव्हते. नवराही हसू लागला. सुतार बिचारा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या न झालेल्या कामावर गिऱ्हाईक खूष झाले होते.

"मूठ बसवून देतो ना आत्ता," तो घाबरून म्हणाला.

"खबरदार," थोरली आणि धाकटी एकदम म्हणाल्या.

संध्याकाळचे दूध आले तसे थोरलीने दोन कॅन कोमट करून पिंपात ओतायला लावले आणि झाकण, खालची बाजू दुधाला लागेल असे, त्यावर तरंगत सोडले. वर स्वच्छ कापड घातले. मग दोघी जावा पिंपाला पाठ टेकून स्टुलांवर बसल्या.

"ताई, तुम्हाला कसं ठाऊक? झाकणाचं?"

थोरलीने पिंपावरचे कापड सारखे केले.

"लग्न होऊन चार महिने झाले होते मला. सासूबाई बाहेरगावी गेल्या होत्या. म्हटलं, परत येतील तर खूष होतील, घर कसं लखलखीत करून ठेवावं. पिंप बघितलं तर आत चिकट. मला किळस आली. साबण लावून स्वच्छ घासलं."

धाकटीने मान वळवून तिच्याकडे पाहिले.

"तू चुन्यापायी धुतलंस. मी तर हौसेनं धुतलं. सासूबाई शब्दानं बोलल्या नाहीत. झाकण काढलं, दुधात सोडलं आणि मला इथंच, असंच बसवलं. म्हणाल्या, कुणाला सांगू नकोस, आणि पुन्हा धुऊ नकोस. दोन्ही पाळलं." तिने एप्रनवरून हात फिरवला. "तू आलीस घरात, तेव्हा पहिल्याच दिवशी न सांगता सगळी भांडी घासलीस. मी बघत होते. मनात म्हटलं, ही तर माझ्याहून स्वच्छ. हिला पिंपापासून लांब ठेवायला हवं. तुला वाटत असेल, ताईचा विश्वास नाही."

"वाटायचं."

"भीती होती गं. तुझी नाही. माझीच."

शुक्रवारी सकाळी कापड उचलले तेव्हा दुधाचे दही झाले होते, आणि वास असा आला की नवरा अंगणातून ओरडला, "आलं का ते परत?" थोरलीने ते आंबलेले दूध वाटीवाटीने धाकटीच्या ओंजळीत दिले. "लाव." धाकटी पिंपात उतरली. जिथे जिथे ब्रश फिरवला होता तिथे तिथे तिने हाताच्या तळव्याने ते लावले, फळीफळीला, सांध्यासांध्याला, तापलेल्या लेकराच्या अंगाला तेल लावावे तसे हलके. चाटूलाही लावले. मग दिवसाचे दूध ओतले.

शनिवारी सकाळी चक्का कापायचा होता. सुरी थोरलीने धाकटीला दिली. धाकटीने ती आत घातली आणि डोळे मिटून दोन अर्धे वेगळे केले. नाकाला आधी कळले. ताक, ओले गवत, किंचित बदाम. मग तिने डोळे उघडले. चक्क्याच्या पोटात मोहरीएवढी भोकेच भोके.

"देव आहे," ती म्हणाली.

"आहेच," थोरली म्हणाली. "आणि सुतारही आहे."

रविवारी अंगणात बसायला जागा उरली नाही. सात डेअऱ्यांचे लोक, बारा गोठ्यांतली माणसे, तळघरातून वर आणलेली वर्षभराची चाके, कापून ठेवलेले तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यामागे एक वाद की हे कुठल्या कुरणाचे. धाकटीने लोकांसमोर दूध ओतले, चक्का कापला, चाटू फिरवला. झाकणाला मूठ नव्हती. तिने तिथे दोरी ओवली होती. थोरलीने शिक्का तिच्या हाती दिला, तिने तो तापवला आणि बाजूला काढून ठेवलेल्या पिकल्या चाकावर दाबला. चरचर झाली. छातीत काही झाली नाही.

मग डेअरीसंघाचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. माणूस चांगला, पण बोलायला लागला की त्याला घड्याळ दिसत नसे. "बंधूंनो आणि भगिनींनो," ते म्हणाले, "शंभर वर्षांत या पिंपाला साबणाचा थेंबही—"

"लागला," थोरली खुर्चीतूनच म्हणाली.

अध्यक्ष थांबले. अंगण थांबले.

"दोनदा लागला. एकदा मी लावला, चाळीस वर्षांपूर्वी. परवा हिनं सोडा लावला, कारण चुना पडला होता. दोन्ही वेळा झाकणानं वाचवलं. लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या सुनेला चार रात्री जागाव्या लागणार नाहीत." सासूबाईंना दिलेला शब्द तिने असा चारचौघांत मोडला, आणि मोडून तिला हलके वाटले. "आणि ते झाकण ज्यानं पाच दिवस हात न लावता सांभाळलं, तो मागे उभा आहे. टाळ्या वाजवायच्या तर त्याला वाजवा."

मग जो हशा पिकला तो ओढ्यापलीकडे गेला असेल. सुताराला लोकांनी ढकलत पुढे आणले. रंगारी शीळ घालून टाळ्या वाजवत होता. स्टीलच्या टाक्यांवाल्या एका म्हातारीने पुढे येऊन झाकणाच्या खालून हात फिरवला आणि विचारले, "आमच्याकडे जुनं पिंप पडून आहे हो, माळ्यावर. थोडं विरजण द्याल?"

"घेऊन जा," थोरली म्हणाली. "कॅन आणा, तोंडापर्यंत भरून न्या."

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आता नव्या प्रमुखांनी दोन शब्द बोलावेत, अशी मी विनंती करतो."

सगळ्यांनी वळून पाहिले. नवी प्रमुख पिंपाला पाठ टेकून स्टुलावर बसली होती. शिक्का मांडीवर, मान एका बाजूला कललेली, तोंड किंचित उघडे. अंगणभर हशा होऊन गेला तरी तिला जाग आली नव्हती. नवऱ्याने तिला हलवायला हात पुढे केला.

थोरलीने त्याचा हात अडवला. तिने आपल्या अंगावरची शाल काढून धाकटीच्या खांद्यावर घातली, शिक्का मांडीवरून घसरत होता तो अलगद तिच्या एप्रनच्या खिशात सरकवला, आणि अध्यक्षांकडे वळून हळू आवाजात म्हणाली,

"बोलेल ती. उद्या."